लेथच्या कामाचा पॉलिश पेपर कसा ठेवावा?

तुमचा प्रश्न असा, की जागा लहान आहे, लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, काम नुकतंच सुरू केलंय, पॉलिश पेपरचे तुकडे सगळीकडे पसरतात. तर त्यांच्यासाठी ड्रॉवर करावा की भिंतीवर टांगावेत, आणि नंबर किती ठेवावेत. मी गोव्यात डिचोलीला कातकाम करतो. या एका विषयावरून आमच्या घरात इतकी वर्षं वाद चाललाय, की उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

ड्रॉवर करा नाहीतर टांगा, तुमच्या भिंतीवर अवलंबून आहे. सांभाळायचं ते एवढंच: एका नंबरचा कागद दुसऱ्या नंबरला घासता कामा नये, पावसात त्याला ओल लागता कामा नये, आणि झिजलेला तुकडा ठेवायचाच नाही, टाकायचा. शेवटचं कोणी ऐकत नाही, म्हणून त्याचं कारण पुढे नीट सांगतो.

आमचं वर्कशॉप आजोबांपासूनचं. थोरला भाऊ, त्याला आम्ही भाई म्हणतो, दारं-खिडक्या आणि कपाटं करतो. लेथ माझ्याकडे. पॉलिश पेपर मात्र सामाईक, आणि तो राहायचा बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात. ८० पासून ४०० पर्यंत सगळे तुकडे एकत्र (नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक). हात घालायचा, अंगठ्याने चाचपायचं, बरा वाटेल तो काढायचा. मी कधी काही बोललो की भाईचं उत्तर ठरलेलं: "कागद म्हळ्यार कागद", कागद म्हणजे कागद. आणि दुसरं एक मत, जे त्याच्यासारख्या कितीतरी मेस्तांचं, म्हणजे सुतारांचं, आहे: ८० नंबर झिजला की तो दीडशेचं काम करतो, मग टाकायचा कशाला?

सासष्टीतल्या एका जुन्या घराचं काम आमच्याकडे आलं. व्हरांड्याच्या कठड्याचे कातीव दांडे बरेचसे वाळवीने खाल्ले होते. उरलेल्यांच्या जोडीला अगदी तसेच नवे हवे होते. साग, त्यावर गडद स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, वर लाखेचं पॉलिश. मालकीणबाई वयस्कर, पण नजर अशी की जुना दांडा आणि नवा दांडा शेजारी ठेवून बोटाने गोलाई तपासायच्या. मला त्या कामाचा फार अभिमान होता, आजही आहे. असल्या घरांतले जुने दांडे कोणी कातले त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत, पण त्यांच्या कामाशेजारी आपलं काम उभं राहणार, ही साधी गोष्ट नाही.

चतुर्थीच्या आधी दांडे बसवायचे म्हणून घाई होती. तेव्हा कागद मारायला भाई मदतीला आला. काही दांडे मी घासले, काही त्याने. मी माझ्या नव्या पट्ट्या घेतल्या, त्याने डब्यात हात घातला. दोघांचेही दांडे २४० पर्यंत गेले आणि हाताला सारखेच गुळगुळीत लागत होते. मग स्टेन लावला, आणि भाईच्या दांड्यांवर रेघा उठल्या. बारीक, काळ्या, दांड्याला पूर्ण वळसा घालून गेलेल्या. कुठे एक, कुठे तीन-चार जवळजवळ. माझ्या दांड्यांवर एकही नाही.

भाईने वापरलेला २४० चा तुकडा मी उचलला आणि टेबललॅम्पखाली तिरका धरून भिंगातून पाहिला. कागद करड्या-काळ्या रंगाचा, सिलिकॉन कार्बाइडचा. त्याच्या एका कोपऱ्यात, सागाच्या तेलकट भुश्यात रुतून बसलेला, तांबूस तपकिरी रंगाचा एक कण. बाकीच्या कणांच्या वर डोकं काढून उभा. नखाने टोकरला तर भुसा निघाला, कण नाही. डब्यात त्याच रंगाचा ८० चा कागद होता, कडेने कण सुटायला लागलेला. ८० नंबरचा कण साधारण २०० मायक्रॉनचा असतो आणि २४० चा साठच्या आतला. म्हणजे तिपटीहून मोठा कण बारीक कागदावर स्वार होऊन दांड्यावर फिरत होता.

हे भाईच्या दारांवर कधी का दिसलं नाही, ते समजून घ्या, कारण लेथवाल्याला कागद सांभाळून ठेवावा लागतो तो याचसाठी. फळीवर आपण रेषेच्या दिशेने कागद मारतो. चुकार कणाची रेघ लाकडाच्या रेषांत मिसळते, शिवाय ती हाताच्या एका फेऱ्याएवढीच लांब. लेथवर लाकूड फिरतं आणि कागद जागेवर असतो. कणाची रेघ रेषेला आडवी आणि पूर्ण गोल पडते, आणि मिनिटाला शेकडो फेऱ्यांत त्याच जागी खोल होत जाते. स्टेन नेमका त्या खाचेत जमतो. फिकट लाकडावर तेल लावून सोडलंत तर कदाचित चालून जाईल, गडद रंगाखाली कधीच नाही.

भाई म्हणाला, लाकडाचा दोष. सागात सिलिका, म्हणजे वाळूतला कठीण पदार्थ, असते, तिने रेघा पाडल्या. असते, मान्य, आणि हत्याराची धार ती खातेही. पण एकाच ओंडक्यातले दांडे, मग सागाने भाईचेच तेवढे निवडून काढले का? आजतागायत याचं उत्तर मिळालेलं नाही. ते सगळे दांडे मी परत लेथवर चढवले, स्टेन उतरवला, १२० पासून पुन्हा चढत गेलो, आणि शेवटी लेथ बंद करून रेषेच्या दिशेने हाताने घासले. ही शेवटची सवय तुम्हीही लावून घ्या. दांडे वेळेवर बसले.

आता झिजलेल्या ८० बद्दल. कागदाचा नंबर कणांच्या मापावरून ठरतो आणि कागद झिजला म्हणून कणांमधलं अंतर बदलत नाही. कणांची टोकं बोथट होतात, एवढंच. बोथट कण कापत नाही, नुसता घासतो, आणि घासण्याने उष्णता होते. शिवण किंवा आंब्याच्या लाकडाच्या वाडग्याच्या आडव्या टोकाला, जिथे लाकडाची तोंडं उघडी असतात, तिथे उष्णतेने केसासारख्या बारीक भेगा पडतात, आणि त्या पुढच्या कुठल्याही कागदाने जात नाहीत. त्यात बोथट झालेल्यांच्या मधे एखादा खाली दबलेला कण धारदार राहिलेला असतोच, तो आपली रेघ मारतो. म्हणजे दीडशेची सफाई नाही आणि ऐंशीची कापही नाही. कागद कापेनासा झाला की जास्त दाबायची इच्छा होते. तीच त्याला टाकायची वेळ.

ओलीचं थोडक्यात. कागद बनवणारे सांगतात की तो ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवावा. आपल्याकडे जुलैत हवेत नव्वदच्या आसपास असते. कागदाची पाठ पाणी पिऊन फुगते, कणांची बाजू फुगत नाही, म्हणून तो कणांकडे वळून पुंगळी होतो. लाल-पिवळा स्वस्त काचकागद सरसाने चिकटवलेला असतो. सरस ओलीने मऊ होतो आणि कण भुश्यासारखे गळतात, आणि गळलेले कण कुठे जाऊन बसतात ते वर सांगितलंच. रेझिनने चिकटवलेला घ्या, पावसात तोच टिकतो. लेथला शक्यतो कापडी पाठीचा, त्यातही पातळ लवचिक प्रकार, ज्याला जे-वजन म्हणतात. गोलाईत घालायला वळतो आणि घडीवर मोडत नाही.

मी ठेवतो ते असं. कापडी रोल भिंतीवरच्या फळीत लाकडी दांड्यांवर ओवलेले, वरून खाली चढत्या नंबराने, आणि खालच्या कडेला हॅकसॉचं जुनं पातं ठोकलेलं. रोल ओढायचा, पात्यावर फाडायचा. फाडण्याआधी पट्टीच्या पाठीवर मार्करने नंबर लिहायचा, कारण छापील नंबर एकाच तुकड्यावर राहतो आणि दुसरा कुठला ते मग कोणालाच सांगता येत नाही. कागदी शीट ९ बाय ११ इंचाचं असतं, ते मधून कापलं की शाळेच्या सर्टिफिकेट फाइलच्या कप्प्यात सपाट बसतं. एका कप्प्यात एकच नंबर. वापरलेली पण अजून जीव असलेली पट्टी परत रोलजवळ जात नाही, तिच्यासाठी प्रत्येक नंबराचा वेगळा छोटा डबा आहे. कामाच्या मधे नंबर बदलला की दांडा आणि हात दोन्ही पुसायचे, मगच पुढचा कागद. हे सगळं एका बंद कपाटात, खाली झिरोचा बल्ब. झिरो म्हणतात, पण जुना तारेचा बल्ब पंधरा वॅटपर्यंत वीज खातो आणि तेवढ्या उबेने कपाट कोरडं राहतं. एलईडीचा झिरो लावून उपयोग नाही, तो तापतच नाही.

नंबर: १२०, १८०, २४०, ३२०, ४००. पुरे. एकही मधला वगळू नका, १२० वरून थेट २४० वर उडी मारलीत तर १२० च्या रेघा काढता काढता २४० संपेल. वाडग्याला ८० लागतोय असं वाटलं तर कागद खाली ठेवा आणि गाऊजला, म्हणजे कातायच्या गोल पटाशीला, धार लावा.

आता राहिलेलं. भाईचं दारांचं काम उत्तम आहे, आणि फळीची धार मारायला, जुना रंग खरवडायला त्याचा डबा चालतो. ज्यांचं काम फक्त सपाट आहे त्यांनी माझं सगळं ऐकायची गरज नाही. बल्बभोवती जाळी हवीच, आणि कपाटात भुसा साचू देऊ नका, तापलेल्या काचेवर बारीक भुसा पेट घेऊ शकतो. कागद मारताना एन-९५ मास्क लावा. लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, ही भीती घालायची गोष्ट नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचं वर्गीकरण आहे. आणि पट्टी बोटाला गुंडाळून लेथवर कधीही धरू नका. तिहेरी घडी करून चिमटीत धरा, म्हणजे अडकली तर सुटून जाईल.

खरेदी मे महिन्यात करू नका. पावसाआधी भरलेला साठा चार महिने ओल खातो. ऑक्टोबर सरला की म्हापसा नाहीतर मडगावच्या हार्डवेअरवाल्याकडे जा, गठ्ठ्याच्या मधलं एक शीट मागून घ्या आणि काउंटरवर सपाट ठेवा. ते आपोआप वळलं तर तो गठ्ठा पावसाळा दुकानात काढलेला आहे, दुसरा मागा.