फुंबानला ओतकाम शिकायला निघालेल्या मुलीला

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

कॅमेरूनमध्ये फुंबानला जाऊन बामून लोकांचं ओतकाम शिकायचं तू ठरवलंस, याचा फार आनंद वाटला. तुझे सगळे प्रश्न भट्टीबद्दल आहेत. मी मात्र मेण आणि मातीबद्दलच जास्त लिहिणार आहे, कारण मेणाची वस्तू घडवून ती मातीत लिंपायची, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू भरायचा, अशी ही रीत; त्यात धातूचं काम असतं शेवटच्या काही तासांचं. त्याआधीचे कित्येक दिवस मेण आणि मातीचे असतात, आणि वस्तू बिघडते ती बहुतेक वेळा तेव्हाच.

बाजारात या मूर्तींना ब्राँझ म्हणतात, पण हाताशी असतं ते मुख्यतः पितळ, तेही मोडीतलं. जुन्या तोट्यांमधले रबर, लोखंडी स्क्रू आधी काढून टाक. तोट्यांच्या पितळेत थोडं शिसं असतं, म्हणून हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नकोस.

मधमाश्यांचं मेण वितळवून कापडातून गाळून घे. त्यात राहिलेल्या काडीकचऱ्याची साच्यात राख होते आणि तिथे पितळेला खड्डा पडतो. पोकळ मुखवट्यासाठी आधी मातीचा गाभा कर, तो पूर्ण वाळू दे आणि मग त्यावर 3 ते 4 मिलिमीटर जाडीचं मेण चढव. जाडी सगळीकडे सारखी हवी. फार पातळ जागी धातू पोहोचण्याआधीच गोठतो, आणि पातळाला लागून एकदम जाड भाग आला की निवताना तिथे पोकळी धरते. नक्षीसाठी ओल्या फळीवर मेणाचे दोरे वळून चिकटवायचे. छत्तीसगडमधल्या बस्तरच्या घडव्यांचं, म्हणजे तिथल्या ओतकाम करणाऱ्यांचं काम पाहिलं असशील तर हात लवकर बसेल.

एक गोष्ट नवशिके हमखास विसरतात. मेणातून गाभ्यात लोखंडी खिळे ठोक आणि त्यांची डोकी बाहेर राहू दे. ती बाहेरच्या मातीत रुततात. मेण वितळून गेल्यावर गाभ्याला तेवढाच आधार उरतो. तो नसेल तर गाभा सरकून साच्याला टेकतो आणि मुखवट्याच्या गालाला आरपार भोक पडतं.

आता माती. पहिला थर बारीक चाळलेली माती आणि कोळशाची पूड यांचा, सायीइतका पातळ, ब्रशने लावायचा. बोटांचे ठसे, मेणाच्या दोऱ्यांमधल्या फटी, सगळं हाच थर टिपून घेतो. त्यात हवेचा बुडबुडा राहिला तर पितळेवर तेवढाच मणी उठतो. असे दोन-तीन थर, प्रत्येक सावलीत वाळल्यावरच पुढचा. मग भुसा किंवा वाळकी लीद मिसळलेल्या जाड मातीचे थर दे. भुसा जळून मातीत बारीक छिद्रं राहतात आणि साच्यातली हवा तिथून निघून जाते. उन्हात घाईने वाळवलंस तर तडे जातील, आणि त्या तड्यांत शिरलेल्या धातूचे पापुद्रे कानशीने घासत बसावं लागेल. साचा रोज तोलत जा. वजन उतरायचं थांबलं की तो वाळला. आत ओल राहिली तर तापलेल्या धातूने तिची वाफ होते आणि साचा फुटतो. यात माणसं भाजतात.

धातूचा हिशेब सोपा आहे. पितळ मेणाच्या सुमारे 9 पट जड. धातू आत उतरण्यासाठी जोडलेल्या मेणाच्या नळ्यांसकट मेण 100 ग्रॅम भरलं तर 900 ग्रॅम पितळ लागेल. वर थोडं जास्त धरून 1 किलो घे.

जुन्या रीतीत मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, वेगळी ठेवत नाहीत. मेण काढून टाकलेल्या साच्याच्या तोंडाला मातीची वाटी जोडतात, तिच्यात पितळेचे तुकडे भरून दोन्ही एकाच मातीत लिंपून बंद करतात. वाटी खाली आणि साचा वर ठेवून कोळशाच्या भट्टीत भाता चालवतात. धातू वितळला की सगळं उलटं करायचं, की तो साच्यात उतरतो. ही रीत मला फार मोलाची वाटते. साचाही तितकाच तापलेला असतो, म्हणून जाळीदार नाजूक काम पूर्ण भरतं. शिवाय पितळेतलं जस्त उडून जात नाही. जस्त 907 अंशांनाच उकळतं आणि पितळ वितळतं साधारण त्याच सुमाराला, त्यामुळे उघड्या मुशीत पांढरा धूर उठतो. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. वारा पाठीशी घेऊन उभी राहा. बंद रीतीत धोक्याची जागा म्हणजे वाटीचा सांधा. तो तडकला तर सगळं पितळ निखाऱ्यात जातं, म्हणून तिथे मातीचा एक थर जास्तच दे.

नक्षी उचलताना ती कुणाची आहे हे आधी विचार. दोन तोंडांचा साप हे राजचिन्ह आहे. राजा म्बुएम्बुएने एकाच वेळी दोन बाजूंच्या शत्रूंना हरवलं, त्याची ती खूण. जमिनीत राहणारा कोळी शहाणपणाचा, कारण त्याच्याकडून कौल घेतात. पूर्वी पितळेचं काम राजाच्या हुकमतीखाली चाले. बामून लिपी घडवणाऱ्या सुलतान इब्राहिम न्जोयाच्या राजवाड्याशेजारी 2024 साली उघडलेलं नवं संग्रहालय कोळी आणि दुतोंडी साप यांच्याच आकारात बांधलेलं आहे. तिथे आधी नीट पाहा, मग मेणाला हात लाव.

नवं काम मातीत पुरून, आम्लं लावून जुनं म्हणून विकण्याचा धंदाही तुला दिसेल. त्यात पडू नकोस. आपल्या कामावर आपली खूण आणि साल मेणातच कोर.

पावसात साचे वाळता वाळत नाहीत, तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारीत जा. निघण्याआधी कामापुरती फ्रेंच शीक, आणि आपला एक बारीक तराजू सोबत ने.

तुझा,
काका