वाचकांचे प्रश्न : व्हॉल्व्हचा आवाज खरंच गोड असतो का?

प्रश्न : काकांनी त्यांचा व्हॉल्व्हचा (जुन्या काचेच्या नळ्यांचा) स्टिरिओ अँप म्हणजे अँप्लिफायर मला दिलाय, ईएल ८४ जातीचे चार व्हॉल्व्ह आहेत त्यात, पंधराएक वर्षं माळ्यावर होता. काका म्हणतात भीमसेनजी ऐकावेत तर ह्याच्यावरच, मित्र म्हणतो सगळे मनाचे खेळ. खरं काय? आणि सरळ प्लगला लावून चालू केला तर चालेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी शेवटचं सांगतो, कृपया लावू नका. इतकी वर्षं पडून असलेल्या अँपमधले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बहुतेक वेळा लीक झालेले असतात, आणि ईएल ८४ च्या ग्रिडला (व्हॉल्व्हमधला करंट ताब्यात ठेवणाऱ्या जाळीला) जोडलेला कपॅसिटर लीक असला की ग्रिडवर नको तेवढं पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, व्हॉल्व्ह मर्यादेपेक्षा जास्त करंट ओढतो, आतली प्लेट लालभडक होते आणि मग व्हॉल्व्ह तर जातोच पण व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. व्हॉल्व्ह आजही नवे मिळतात, तसाच ट्रान्सफॉर्मर मिळणं महाकठीण. स्वतः उघडूही नका, आत ३०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहतो. जुने व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणारा माणूस शोधा आणि त्याच्याकडून कपॅसिटर बदलून घ्या. आणि हो, स्पीकर न जोडता गाणं लावून बघायचं नाही, कधीच नाही, त्यानेही ट्रान्सफॉर्मर जातो.

आता आवाजाचं. तुम्ही भीमसेनजी ऐकता म्हणजे तानपुरा कानात असणारच, म्हणून तिथूनच सांगतो. तार छेडली की एकटा सा येत नाही, त्याच्या दुप्पट कंपनांचा वरचा सा येतो, तिप्पट कंपनांचा तार सप्तकातला पंचम येतो, पाचपटीचा तो स्वयंभू गंधार, आणि सातपटीला कोमल निषादाच्या जवळचा पण जरा उतरलेला असा एक सूर, जो आपल्या कुठल्याच स्वरात नीट बसत नाही. अँप जे डिस्टॉर्शन करतो ते म्हणजे हेच, मूळ सुरात असे वरचे सूर मिसळणं. एकच व्हॉल्व्ह आउटपुटला असेल, म्हणजे सिंगल एंडेड, तर तो मुख्यतः वरचा सा मिसळतो आणि कानाला ते बिघाड वाटत नाही, आवाज भरल्यासारखा वाटतो. तुमच्याकडे मात्र प्रत्येक चॅनलला दोन-दोन आहेत म्हणजे पुश-पुल, एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि ह्या रचनेत आउटपुटच्या जोडीतला हा वरचा सा एकमेकांना मारून जवळजवळ नाहीसा होतो, उरतो तो मुख्यतः पंचम. त्यामुळे "व्हॉल्व्ह म्हणजे गोडवा" असं सरसकट बोललेलं मला पटत नाही, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या सर्किटमध्ये आहे ते आधी बघावं लागतं.

काकांचा कान खोटा नाहीये पण. सुरुवातीच्या काळातल्या बऱ्याच ट्रान्झिस्टर अँपमध्ये क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन असायचं, लाट शून्य ओलांडताना एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे जाते तिथे खाच पडायची, आणि हलक्या आवाजात ती जास्त टोचते कारण गाणं लहान झालं तरी खाच तेवढीच राहते. त्यात ते वरचे, न बसणारे सूर भरपूर. त्या वेळी व्हॉल्व्हवरून ट्रान्झिस्टरवर गेलेल्या माणसाला आवाज कोरडा लागला असेल तर त्याने बरोबरच ऐकलं. आजच्या चांगल्या ट्रान्झिस्टर अँपमध्ये ही खाच ऐकू येण्याइतकी राहिलेली नाही.

दुसरं कारण फार कमी लोक बोलतात आणि माझ्या मते तेच मोठं आहे. व्हॉल्व्ह अँपचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे आउटपुटला करंटला होणारा आतला अडथळा, जास्त असतो. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असलं तरी खर्जात एका जागी त्याचा इम्पिडन्स ३० ओहमपर्यंतही चढतो, आणि अशा जागी व्हॉल्व्ह अँप आपोआप जास्त व्होल्टेज देतो, म्हणून खर्ज फुगीर आणि जरा सैल येतो. म्हणजे स्पीकर बदलला की अँपचा आवाजच बदलला! १९८५ मध्ये अमेरिकेत बॉब कार्व्हर ह्यांनी स्टिरिओफाइल ह्या ऑडिओ मासिकाला आव्हान देऊन आपला ट्रान्झिस्टर अँप एका महागड्या व्हॉल्व्ह अँपशी जुळवून दाखवला होता आणि मासिकाच्या लोकांना फरक ओळखता आला नाही. तेव्हा मित्राला सांगा, फरक मनाचा नाही, मोजता येतो आणि नक्कलही करता येते.

म्हणून पैसे स्पीकरवर घाला. तुमचा अँप चॅनलला १०-१५ वॉटचा धरा. सेन्सिटिव्हिटी म्हणजे तेवढ्याच वॉटला स्पीकर किती मोठा वाजतो ते, ८६ डीबी सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरला जिथे १० वॉट लागतात तिथे ९६ डीबीच्या स्पीकरला एकच लागतो.

प्रश्न : १५ वॉटचा व्हॉल्व्ह गिटार अँप माझ्या ३० वॉटच्या ट्रान्झिस्टर अँपपेक्षा मोठा कसा वाजतो? (एक वाचक, पुणे)

उत्तर : वॉट म्हणजे वॉटच, फरक वापरात आहे. ट्रान्झिस्टर मर्यादेला पोचला की लाट एकदम सपाट कापतो, ते कर्कश लागतं म्हणून तुम्ही आधीच थांबता. व्हॉल्व्ह हळूहळू दबत जातो, गिटारवर ते हवंहवंसं वाटतं, त्यामुळे वादक मर्यादेच्या पुढेही वाजवत राहतो. व्हॉक्स एसी ३० ह्या गिटार अँपमध्ये तेच चार ईएल ८४ आहेत, ३० वॉट, आणि स्टेजला पुरून उरतो. शिवाय गिटारचे स्पीकर घरच्या स्पीकरपेक्षा खूप सेन्सिटिव्ह असतात, तुमच्या दोन्ही अँपमधले स्पीकर वेगळे असतील तर निम्मं उत्तर तिथेच मिळेल.