वाचकांचे प्रश्न : जिथे पाणी हाच पैसा

या वेळी आलेली बहुतेक पत्रं ‘रोगलाइक’ प्रकारच्या, मोकळ्या जगाच्या गेम्सबद्दल आहेत, आणि त्यातली निम्म्याहून अधिक एकट्या ‘केव्ह्ज ऑफ कड’बद्दल. नावातला ‘रोग’ पाहून दचकू नका. १९८० साली युनिक्स संगणकांवर ‘रोग’ नावाचा गेम आला. त्यात दर वेळी भुयार नव्याने रचलं जाई आणि पात्र मेलं की खेळ पहिल्यापासून सुरू करावा लागे. त्याच्या वळणावर बेतलेले ते सगळे रोगलाइक. (‘कड’मध्ये जीभ सडवणारा एक खराखुरा रोगही आहे, पण त्याबद्दल पुढे.)

प्रश्न : सेलमध्ये ‘केव्ह्ज ऑफ कड’ घेतला. तीन आठवड्यांत चौदा पात्रं मेली, एकही आठव्या लेव्हलपर्यंत पोचलं नाही. काय करायचं ते गेम सांगतच नाही. माझं चुकतंय काय? — एक वाचक, नाशिक

चौदा मृत्यू म्हणजे फार नाहीत. पण ते सगळे एकाच कारणाने झाले असतील, तर ते कारण शोधायला हवं. नव्या खेळाडूंच्या बाबतीत ते बहुधा एकच असतं : नकाशा उघडा दिसला की वाटेल तिकडे निघणं. कडमध्ये पहिल्या मिनिटाला जगाच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागलात तरी कुणी अडवत नाही. वाटेत जे भेटतं ते मात्र तुमची लेव्हल विचारत नाही. इथे शत्रू तुमच्यासोबत वाढत नाहीत. प्रत्येक प्रदेशाचा धोका ठरलेला आहे.

म्हणून सुरुवातीचं गाव म्हणून जोपाच निवडा. दुसरा पर्याय नव्याने रचलेल्या गावाचा असतो, तो नंतर. जोपा दर खेळात तेच असतं, त्यामुळे तिथे शिकलेलं वाया जात नाही. गावात दोन कामं लगेच मिळतात. मेहमेत नावाचा शेतकरी पाणवेली कोण खातंय ते शोधायला उत्तरेच्या ‘रेड रॉक’ला पाठवतो. अर्गाइव्ह हा कारागीर जुन्या यंत्रयुगातली एखादी वस्तू मागतो, मग आणखी एक. आधी अर्गाइव्हचं काम करा. गावात किंवा आसपास सापडलेली एखादी अनोळखी वस्तू त्याला दिली की फारशी मारामारी न करता अनुभवाचे गुण मिळतात. रेड रॉकला जाण्याची घाई करू नका. तिथे स्नॅपजॉ टोळीने येतात. तरसाच्या तोंडाचे हे प्राणी एकेकटे किरकोळ असतात, पण चौघांनी घेरलं तर पहिल्या लेव्हलचं पात्र टिकत नाही. माकडं लांबून दगड मारतात ते वेगळंच. टोळी दिसली की उघड्यावर थांबू नका. मागे सरकत एखाद्या अरुंद वाटेत किंवा दारात उभे राहा, म्हणजे एका वेळी एकच समोर येईल.

आता तीन सवयी. पहिली : अनोळखी प्राणी दिसला की ‘लुक’ची कळ दाबून त्याच्याकडे नीट बघा. वर्णनासोबत तो तुमच्यासाठी सोपा, मध्यम, अवघड की ‘इम्पॉसिबल’ हे स्पष्ट लिहिलेलं असतं. अवघडच्या पुढे काही दिसलं तर मागे फिरा, त्यात लाज नाही. दुसरी : ‘स्प्रिंट’ प्रत्येक पात्राला पहिल्यापासून येतं. बहुतेक जण ते जीव निम्म्यावर आल्यावर आठवतात, तोवर उशीर झालेला असतो. पळायचं ठरवलं की पहिल्या पावलालाच वापरा. जिना जवळ असेल तर तिकडे, पण शेजारच्या चौकोनात चिकटलेला शत्रू जिन्यावरून तुमच्यामागे येतो, म्हणून आधी दोन पावलांचं अंतर काढा. तिसरी : रक्तस्राव सुरू झाला की लढाई जिंकूनही पात्र मरू शकतं. बँडेज जवळ ठेवा आणि वापरा. विचवुडची साल जखम भरते, पण डोकं गरगरवते. ती लढाई संपल्यावर खायची.

आणि एक सल्ला, जो जुन्या खेळाडूंना पटणार नाही : ‘क्लासिक’ मोड बंद करा. त्यात मृत्यू कायमचा असतो. ‘रोलप्ले’ मोडमध्ये वस्तीत शिरलं की नोंद होते आणि मेल्यावर तिथून पुन्हा सुरू करता येतं. ‘वाँडर’ मोडमध्ये बहुतेक प्राणी आपणहून हल्ला करत नाहीत. मारून अनुभवाचे गुणही मिळत नाहीत, ते नव्या जागा शोधल्याने आणि जलविधीने (पाणी वाटून नातं जोडण्याचा विधी, त्याबद्दल पुढे) मिळतात. पहिले वीस तास रोलप्लेमध्ये घालवले तर गेम कळतो. क्लासिकमध्ये तेवढ्याच वेळात फक्त जोपाचा रस्ता पाठ होतो.

प्रश्न : माझ्याकडे दोन पखाली पाणी होतं. जोपातल्या डबक्यातून आणखी भरून घेतलं, तर व्यापारी ते पाणी घेईना. पात्र तहानेने कासावीस. हा काय प्रकार? — एक वाचक, सोलापूर

तुम्ही गोड्या पाण्यात मचूळ पाणी ओतलंत. जोपाच्या पाणवेली खारट दलदलीत वाढतात, आणि तिथली बरीचशी डबकी गोड्या पाण्याची नाहीत. एकाच पखालीत दोन्ही मिसळली की सगळंच बिघडतं. ते पिऊन तहान भागत नाही आणि बाजारात त्याला किंमत नाही. कडमध्ये गोडं पाणी हेच चलन आहे. ते ड्रॅम या मापात मोजतात, एक ड्रॅम म्हणजे एक नाणं. म्हणजे तुम्ही तिजोरीत चिखल ओतला. सोलापूरच्या माणसाला पाण्याची किंमत सांगायची गरज नाही, पण इथे ती अक्षरशः खरी आहे.

नियम सोपा. भरण्याआधी डबक्याकडे बघा. नावात ‘फ्रेश वॉटर’ एवढंच असेल तरच भरा. संशय असेल तर वेगळी रिकामी पखाल वापरा. बिघडलेली पखाल ओतून रिकामी केली की पुन्हा चालते.

दुसरी अडचण वजनाची. एका पखालीत ६४ ड्रॅम मावतात आणि एका ड्रॅमचं वजन पाव पौंड, म्हणजे भरलेली पखाल १६ पौंडांच्या वर. श्रीमंत व्हायच्या नादात सहा-सात पखाली लादल्या तर शस्त्रं टाकायची वेळ येते. तहानेसाठी एक-दीड पखाल पुरते. बाकीची संपत्ती तांबं-चांदी-सोन्याच्या गोळ्यांत आणि रत्नांत ठेवा, ती वजनाच्या मानाने महाग असतात. व्यापारात पात्राचा ‘इगो’ हा गुण भाव ठरवतो. तो कमी असेल तर विकताना मार बसतो, त्यामुळे जड आणि स्वस्त चिलखतं गोळा करत गावापर्यंत आणण्यात अर्थ नाही.

पाण्याचा तिसरा उपयोग सगळ्यात महत्त्वाचा आणि नवे लोक तोच विसरतात. गावचे प्रमुख किंवा नाव असलेले विशेष प्राणी भेटले की त्यांच्यासोबत जलविधी करता येतो, त्याला बहुधा एकच ड्रॅम पाणी लागतं. त्याने त्यांच्या गटाशी तुमचं नातं सुधारतं आणि त्या चांगल्या नात्याच्या बदल्यात कौशल्यं किंवा गुपितं मिळतात. गट साठहून अधिक आहेत : माकडं, मासे, झाडंसुद्धा. एकाशी जवळीक केली की त्याच्या वैऱ्यांचा राग ओढवतो, हे धरून चाला. आणि जिच्यासोबत पाणी वाटलं त्या व्यक्तीला मारू नका. ती बातमी सगळीकडे पोचते आणि सगळेच गट तुमच्यावर नाराज होतात.

प्रश्न : तलवारीचे फटके लागतात असं दिसतं, पण शत्रूला इजा शून्य. गेममध्ये दोष आहे का? — एक वाचक, कोल्हापूर

दोष नाही, चिलखत आहे. कडमध्ये फटका लागणं आणि फटका आत शिरणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीत तुमची चपळाई आणि शत्रूचा ‘डीव्ही’ (फटका चुकवण्याचा आकडा) यांची तुलना होते, त्यातून फटका लागतो की हुकतो ते ठरतं. लागल्यावर शस्त्राचा भेदांक शत्रूच्या चिलखताशी, म्हणजे ‘एव्ही’शी भिडतो. शस्त्राच्या नावापुढे बाण आणि आकडा असतो तो भेदांक, बदामापुढचा आकडा इजेचा. भेद जितक्या वेळा होईल तितक्या वेळा इजा मोजली जाते. लढाईच्या नोंदीत कंसात ‘x2’ दिसतं ते तेच. एकदाही भेद झाला नाही तर फटका लागूनही काही होत नाही.

त्यामुळे इजेचा मोठा आकडा बघून शस्त्र निवडणं ही चूक. ताकद १६ असेल तर तिचा भेदांकाला फायदा शून्य. १८ला एक, २०ला दोन, असा तो वाढतो. पण हा फायदा किती घ्यायचा याला प्रत्येक शस्त्राची मर्यादा असते. कांस्याच्या शस्त्राची मर्यादा कमी असते, म्हणून ताकदवान पात्राच्या हातात कांसं वाया जातं. लोखंड, मग पोलाद, मग कार्बाइड असं वर चढत जा. खेकडे किंवा कवचवाले प्राणी त्रास देत असतील तर कुऱ्हाड घ्या, तिच्या ‘क्लीव्ह’ कौशल्याने फटक्यागणिक शत्रूचं चिलखत उतरतं.

प्रश्न : पात्र निवडताना कोणती उत्परिवर्तनं घ्यावीत? — एक वाचक, मडगाव

उत्परिवर्तन म्हणजे पात्राच्या शरीरात किंवा मनात आलेली वेगळी शक्ती. पहिल्यांदा तयार साच्यातलं पात्र घ्या. स्वतः बनवायचंच असेल तर उत्परिवर्तित माणूस घ्या, ‘ट्रू किन’ (उत्परिवर्तन न झालेला माणूस) नको. ट्रू किनची मजा शरीरात यंत्रं बसवण्यात आहे आणि त्यासाठी लागणाऱ्या जागा लवकर सापडत नाहीत. उत्परिवर्तनांसाठी सुरुवातीला १२ गुण मिळतात. चार-पाच छोट्या गोष्टींत ते विखरू नका. एक जीव वाचवणारी आणि एक मारणारी, एवढं पुरे. ‘कॅरापेस’ने पाठीवर कवच येतं, पण मग अंगात चिलखत घालता येत नाही, हे लक्षात ठेवूनच घ्या. ‘प्रीकॉग्निशन’ सुरू करून लढलात आणि मेलात तर सुरू केलेल्या क्षणी परत जाता येतं. नवशिक्याला याच्याइतकं उपयोगी काही नाही, फक्त लढाईआधी सुरू करायची आठवण हवी. कणखरपणा, म्हणजे ‘टफनेस’, १६च्या खाली ठेवू नका.

मनाच्या शक्ती घेणाऱ्यांसाठी एक इशारा : त्या वाढल्या की पात्राचा ‘ग्लिमर’ (मनशक्ती इतरांना किती जाणवते त्याचा आकडा) वाढतो, आणि तो २०वर पोचला की मनशक्तीचे शिकारी मागावर येऊ लागतात. त्या आकड्याआधी थांबायचं की पुढे जायचं, हे आधीच ठरवा.

प्रश्न : लॅपटॉपला आकड्यांची वेगळी पट्टी नाही. मग तिरपं कसं चालायचं? — एक वाचक, ठाणे

तिरपं चालता येणं या गेममध्ये जीवनमरणाचा प्रश्न आहे, कारण शत्रू आठही दिशांनी येतो. फक्त बाणांच्या कळांवर खेळू नका. पर्यायांत जाऊन तिरप्या दिशांना चार अक्षरं नेमून द्या. नाहीतर माउस किंवा गेमपॅड वापरा, दोन्ही नीट चालतात.

प्रश्न : तो जीभ सडवणारा रोग कसा होतो? झाला तर? — एक वाचक, लातूर

‘ग्लॉटरॉट’ म्हणतात त्याला. गोलगोथा या कचऱ्याच्या भुयारात तो हमखास गाठतो, तिथे पाय लोखंडासारखे जड करणारा ‘आयर्नशँक’ही आहे. उपाय आहे, पण त्याला लागणारी द्रव्यं प्रत्येक नव्या जगात बदलतात. त्यामुळे मित्राने सांगितलेला काढा तुमच्या जगात चालणार नाही. तो तुमच्याच खेळातल्या ग्रंथांतून शोधावा लागतो. गोलगोथाला जाण्याआधीच शोधा, आणि द्रव्यं ठेवायला दोन रिकाम्या पखाली बरोबर न्या.

प्रश्न : मुलीला मोकळ्या जगाचा गेम हवा आहे, पण राक्षस आणि जादू नकोत. फुकट असेल तर उत्तम. — एक पालक, पुणे

‘अनरिअल वर्ल्ड’ बघा. फिनलंडमध्ये १९९२पासून बनत असलेला हा गेम लोहयुगातल्या उत्तरेकडच्या जंगलात घडतो. जुन्या आवृत्त्या फुकट मिळतात. शेवट नाही, मुख्य कामगिरीही नाही. हिवाळा येणार आहे, तोवर घर आणि अन्न जमवा, एवढंच. पहिला खेळ वसंतात सुरू करा आणि कुऱ्हाड मिळवा, तिच्याविना काही बांधता येत नाही. एल्क (एक मोठं हरण) पडला की आनंद होतो, पण थोड्याच दिवसांत मांस नासू लागतं. धुरी द्यायला चूल असलेलं घर लागतं, आणि वाळवायला हवा थंड लागते. म्हणून उन्हाळ्यात मोठ्या शिकारीमागे लागण्यापेक्षा मासेमारी करा आणि आधी घर उभं करा. हिवाळ्याच्या तोंडावर पातळ बर्फावरून चालू नका, पात्र ओझ्यासकट पाण्यात जातं. माणसांमधले शत्रू आहेत आणि शिकारीचं वर्णन थेट असतं, हे पालकांनी आधी बघून घ्यावं. मजकूर सगळा इंग्रजीत आहे.

‘कॅटॅक्लिझम : डार्क डेज अहेड’ पूर्ण फुकट आहे, पण त्यात झाँबी पुष्कळ, त्यामुळे तुमच्या अटीत बसत नाही.

प्रश्न : कड संपतो का? — एक वाचक, नागपूर

संपतो. २००७पासून बनत असलेल्या या गेमची १.० आवृत्ती ५ डिसेंबर २०२४ला आली आणि तिच्यासोबत मुख्य कथेचा शेवट आला. अर्गाइव्हच्या दुसऱ्या वस्तूनंतर तो २०० फूट तांब्याची तार मागतो. ती ‘रस्ट वेल्स’ नावाच्या ठिकाणी मिळते. मग तो एक चकती ‘ग्रिट गेट’ नावाच्या ठिकाणी पोचवायला सांगतो. शेवटाकडे जाणारी वाट तिथून सुरू होते. ग्रिट गेटला बाराव्या-तेराव्या लेव्हलला जाणारे लोक दारातच पुढचं काम घेऊन सरळ गोलगोथात उतरतात आणि बहुतेक तिथेच मरतात. काम घ्या, पण उतरण्याआधी वरचं लातूरकरांचं उत्तर पुन्हा वाचा.