मीटर आजोबांच्या नावावर, मग सोलरची सबसिडी कुणाला?

यावेळी तुमच्या पत्रांत सोलरच सोलर आहे, आणि बहुतेक पत्रं रत्नागिरी-सिंधुदुर्गातली. त्यातले चार प्रश्न घेतलेत.

प्रश्न : गुहागरजवळ आमचं चिऱ्याचं कौलारू घर आहे. तिथे आई आणि भाऊ-वहिनी राहतात, मी ठाण्याला असतो. महिन्याला १७०-१८० युनिट जळतात. एक माणूस घरी येऊन सांगून गेला की ३ किलोवॅट बसवा, सरकार ७८ हजार देतंय, तुम्हाला जवळजवळ फुकटच पडेल. मीटर मात्र अजून आजोबांच्या नावावर आहे, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. काय करावं?

दादा, आधी मीटरचं बघा, सोलर पळून जात नाही. घरावरच्या सोलरसाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आहे, तिच्यात अर्ज वीजबिलावरच्या ग्राहक नंबरावर होतो आणि सबसिडी बँक खात्यात येते, त्यामुळे बिलावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळायला हवं. कोकणात अर्धे अर्ज इथेच अडकतात, कारण घर सामाईक, घरपट्टी काकांच्या नावावर, मीटर आजोबांचं, आणि सगळे भाऊ एकत्र भेटणार ते गणपतीत. मग गणपतीतच बसा सगळे, मृत्यूचा दाखला, वारसांचं संमतीपत्र आणि घरपट्टीची पावती असं एका फाइलीत लावा आणि महावितरणकडे नाव बदलायचा अर्ज करून टाका. जो गावी राहतो त्याच्या नावावर मीटर झालं तर बरं, कारण पुढे तपासणीला माणूस आला की तोच घरात असणार. भावाभावांत आधी स्पष्ट बोलून घ्या हो, पॅनल बसल्यावर वाद नको.

आता ते ७८ हजार. सबसिडी अशी आहे : १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ ला ७८ हजार, आणि त्याच्या वर कितीही लावा तरी ७८ हजारच. ३ किलोवॅटचा एकूण खर्च त्याच्या दुपटीच्या आसपास किंवा जास्तच जातो, तेव्हा फुकट वगैरे काही नाही. शिवाय हे पैसे आधी मिळत नाहीत, काम होऊन, नेट मीटर (लाईनला दिलेली आणि लाईनकडून घेतलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) लागून, तपासणी झाल्यावर खात्यात येतात, तोवर तुमचे गुंतलेले. कर्ज हवं तर सरकारी बँका तारणाशिवाय देतात, पण तेही फेडायचंच आहे ना.

१ किलोवॅट चांगल्या उन्हात दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं, म्हणजे महिन्याला साधारण १२०. तुमचा वापर १७०-१८०, आणि १०० युनिटच्या वर गेलं की दर एकदम चढतो, बिल खरं तिथेच फुगतं. १ किलोवॅटमध्येच तुम्ही त्या वरच्या दरातून खाली येता, २ मध्ये बिल जवळपास स्थिर आकारावर येईल. ३ कशाला? ज्याने ३ सांगितलं त्याने तुमचं बिल तरी बघितलं का, हे विचारा त्याला. आणि अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर, विक्रेता तिथे नोंदलेला, पॅनल भारतात बनलेल्या सेलचे, या तिन्ही गोष्टी बघितल्याशिवाय एक रुपया अ‍ॅडव्हान्स देऊ नका. आधी बसवून टाकू, अर्ज मागाहून करू म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

कौलांवर पॅनल लावायला मी तरी सांगणार नाही. जुने वासे, त्यात माणसं चढणार, कौलं फुटणार आणि जूनमध्ये घरभर गळती. मागच्या पडवीवर स्लॅब असेल तर तिथे, नाहीतर अंगणात उंच लोखंडी सांगाडा करून बसवता येतात, योजनेत तेही चालतं. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा धरा, आणि त्यावर माडाची, आंब्याची सावली पडत नाही ना ते सकाळी, दुपारी, संध्याकाळी उभं राहून बघा.

प्रश्न : दापोलीत निसर्ग वादळानंतर आम्ही कित्येक दिवस अंधारात काढले. सोलर घेतलं तर लाईट गेल्यावर घरात उजेड राहील ना?

ताई, नाही राहणार, आणि हे विकणारे सांगत नाहीत याचा मला फार राग येतो. ३ जून २०२० ला वादळ आलं तेव्हा खांबच आडवे झाले होते, त्यामुळे तुमची भीती अगदी खरी आहे. पण सबसिडीवालं साधं सोलर लाईनला जोडलेलं असतं आणि लाईन गेली की सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) आपोआप बंद होतो, भर उन्हातसुद्धा. तसं नसतं तर तुमच्या छपरावरची वीज तारेत गेली असती आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतलं असतं. अंधार नको असेल तर हायब्रीड, म्हणजे लाईन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा, इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, बॅटरीवर केंद्राची सबसिडी नाही. नुसते दोन-चार दिवे, पंखा आणि मोबाईल चालवायचे असतील तर साधा घरगुती इन्व्हर्टर स्वस्तात पडतो. पावसाळ्यात वीज कमी तयार होणार हे धरूनच चाला, पण एप्रिल-मेची शिल्लक युनिट पुढच्या महिन्यांत वळती होतात आणि जुलैला कामाला येतात.

प्रश्न : मालवणला घर अगदी समुद्राला लागून आहे. सांगाडा गंजेल का?

साधं लोखंड रंगवून दिलं तर नक्की गंजणार, दोन-तीन पावसाळ्यांतच पापुद्रे सुटायला लागतात. हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या झिंकमध्ये बुडवून काढलेला) किंवा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा आणि स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट मागा, पॅनलला खाऱ्या हवेची चाचणी झालीये का ते विचारा, आणि हे सगळं कोटेशनवर लिहून घ्या. जागेवर ड्रिल मारली की तिथला झिंकचा थर जातो आणि गंज तिथूनच धरतो, तेव्हा भोकं आधी पाडून मग गॅल्व्हनाइज केलेलीच पट्टी हवी. पॅनलवर मिठाचा थर बसतो, सकाळी ऊन चढायच्या आत गोड्या पाण्याने धुवा.

प्रश्न : देवगडला आम्ही दोघंच म्हातारी, बिल ७०-८० युनिटचं. पंख्यावर, फ्रिजवर सबसिडी आहे का?

काका, दुकानातल्या पंख्या-फ्रिजवर केंद्राची सबसिडी नाही. पण जुना पंखा ७५ वॅट खातो आणि बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा, ३०च्या आसपास, रोज दहा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला १३ युनिट वाचतात, म्हणजे दोन पंखे बदललेत तरी बिलात फरक दिसेल. सोलर हवंच असेल तर १०० युनिटच्या आतल्या घरांसाठी राज्याची स्मार्ट योजना आहे, त्यात १ किलोवॅटला केंद्राच्या ३० हजारांवर राज्य आणखी रक्कम घालतं, दारिद्र्यरेषेखालच्यांना १७,५००, अनुसूचित जाती-जमातींना १५ हजार आणि बाकीच्यांना १० हजार. महावितरणच्या ऑफिसात जाताना वर्षभराची बिलं घेऊन जा.