ह्यांना दमा निघालाय, आणि दिवाळीला इंदूरला यायचंय

इंग्लंडहून एका ताईंचं पत्र आलं आहे. नवरा 42 वर्षांचा. गेल्या हिवाळ्यात सर्दी झाली, ती गेली, पण ढास राहिली ती राहिलीच. जिना चढताना धाप, पहाटे छातीत सूं सूं. मार्चमध्ये स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, झाली आणि दमा असल्याचं निदान झालं. दोघांचीही घरं इंदूरची. ताई लिहितात, ‘ह्यांनी घरी सांगायला सक्त मनाई केली आहे. बरं वाटलं की रोजचा पंप बंद करतात, नुसता निळा, त्रास झाला की ओढायचा तेवढा, खिशात ठेवतात. मी रात्र रात्र त्यांचा श्वास ऐकत जागी असते. दिवाळीला येतोय. कसं निभावू?’

ताई, तुमचं पत्र वाचताना मला आमच्या भाचीच्या लग्नाचा दिवस आठवला. आमच्या ह्यांना दमा निघाला 46व्या वर्षी. त्याआधी पाच महिने खोकल्याची बाटली बदलत राहिलो होतो. निदान झाल्यावरही घरात तो शब्द काढायचा नाही असं ठरल्यासारखंच होतं. पंप पँटच्या खिशात, रुमालात गुंडाळलेला. लग्नात होम पेटला, मांडवात धूर कोंडला आणि थोड्या वेळाने हे दिसेनात. शोधत गेले तर कार्यालयाच्या मागे, भांडी घासायच्या नळापाशी पायरीवर बसलेले. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर चढलेले. पंप दाबत होते, फुस्स आवाज येत होता, आणि आराम काही पडत नव्हता. पंप संपला होता. त्या पंपावर आकडा दिसायची सोय नव्हती, आणि औषध संपलं तरी आतला वायू उरतो, फवारा येतच राहतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. दवाखान्यात नेब्युलायझर लावला तेव्हा कुठे तासाभराने रंग परतला. नंतर कळलं, त्याच मांडवात एक काका होते, पंधरा वर्षांचे दमेकरी. त्यांच्या खिशातही पंप होता. पण आमचं तर कोणालाच माहीत नव्हतं. कोणाला हाक मारणार?

म्हणून पहिली गोष्ट, घरी सांगायचं. आणि ते तुम्ही नाही, त्यांनी सांगायचं. तुम्ही सांगितलंत तर ‘सूनबाई उगाच बाऊ करते’ इथवर गोष्ट जाते, आणि त्यांनाही वाटतं की आपलं दुखणं बायकोने चव्हाट्यावर मांडलं. इथे आल्यावर नको, तिथूनच, एखाद्या रविवारच्या फोनवर, तब्येत चांगली असताना. ‘आई, मला दमा निघालाय. रोज पंप घेतो. आता बरा आहे.’ एवढं पुरे.

पलीकडून काय येईल तेही ऐकून ठेवा, म्हणजे मन घट्ट राहील. ‘आपल्या घराण्यात कोणाला नाही!’ हे पहिलं. घराण्यात कोणाला नसतानाही चाळिशीत दमा सुरू होतो. कधी व्हायरल तापानंतर, कधी कामावरच्या धुळी-रसायनांनी. (तुमचे हे सुट्टीत बरे असतात आणि सोमवारी परत खोकतात का, एवढं बघा. तसं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.) मग इकडची हिंदी म्हण येईल, ‘दमा दम के साथ ही जाता है’. ही म्हण मला मनापासून नकोशी आहे. माणूस समोर बसलेला असताना त्याच्या मरणाची गोष्ट करते ती. दमा मुळासकट जाईलच असं नाही, पण आवाक्यात राहतो, आणि आवाक्यातला दमेकरी पोहतो, पर्वती चढतो, नातवंडं खांद्यावर घेतो.

मग कोजागिरीची खीर. माळव्यात शरद पौर्णिमेला दम्याची औषधी खीर ठिकठिकाणी वाटतात, रात्रभर रांगा लागतात. कोणी मृगातलं हैदराबादचं माशाचं औषध सुचवेल. सासूबाईंच्या मायेला ‘नको’ म्हणू नका, पण त्या खिरीत काय कालवलंय ते आपल्याला कळत नाही, म्हणून ती टाळा. घरची आटीव दुधाची खीर मजेत खाऊ द्या. रोजचा पंप मात्र कशाच्याही बदल्यात बंद करायचा नाही. वाद त्या एकाच मुद्द्यावर घाला, बाकी सोडून द्या.

‘पंपाची सवय लागते’, ‘त्यात स्टेरॉइड असतं’ हे तर येणारच, आणि मला वाटतं तुमच्या ह्यांच्याही मनात हेच आहे. त्यांना आकडे सांगा. बुडेसोनाइड म्हणजे रोजच्या पंपात असतं तसलं स्टेरॉइड. त्याच्या एका झुरक्यात साधारण 200 मायक्रोग्रॅम औषध असतं, आणि तेही थेट श्वासनळीत जातं. हा पंप टाळून जोराचा अटॅक आला, तर मोठ्या माणसाला प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या दिवसाला साधारण 40 मिलिग्रॅम द्याव्या लागतात, म्हणजे 40,000 मायक्रोग्रॅम, सगळ्या अंगभर. औषधं वेगळी, तुलना तंतोतंत नाही, पण अंदाज येतो. पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, म्हणजे तोंडात पांढरी बुरशी धरत नाही.

आता निळ्या पंपाचं. तो आवळलेली नळी सैल करतो, आतली सूज तशीच राहते. बरं वाटतं ते रोजच्या पंपामुळे. तो सोडला की सूज हळूहळू परत चढते आणि पुढच्या सर्दीला गाठते. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या नव्या मार्गदर्शनातही नुसत्या निळ्या पंपावर कोणाला ठेवू नका असंच म्हटलं आहे. बुडेसोनाइड आणि नळी सैल करणारं फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप काहींना रोजचा आणि अडीनडीचा असा दोन्हीसाठी देतात. विसराळू माणसाला तो सोयीचा पडतो. तुमच्या दवाखान्यातल्या दम्याच्या नर्सबाईंना भेटून विचारा, आणि त्यांच्यासमोर ह्यांना एकदा पंप घेऊन दाखवू द्या. फवाऱ्याचा असेल तर श्वास सावकाश आत ओढायचा, पावडरचा असेल तर जोरात, आणि मग दहा सेकंद रोखायचा. आमच्याकडे वर्षभर उलटं चाललं होतं.

आणि तुमची झोप, ताई. हे मी हळू आवाजात सांगते, कारण मीही तेच केलं आहे. अंधारात दुसऱ्याचा श्वास मोजत पडलं की स्वतःचा विसरतो. त्याने त्यांचा दमा एका झुरक्यानेही कमी होत नाही. त्याऐवजी महिन्यातून एकदा, चहाच्या वेळी, चार प्रश्न विचारा. गेल्या चार आठवड्यांत दिवसा त्रास आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त झाला का? रात्री एकदा तरी जाग आली का? अडीनडीचा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला का? कुठलं काम सोडावं लागलं का? चारही उत्तरं ‘नाही’ असतील तर कूस बदला आणि झोपा. एक जरी ‘हो’ आलं तर दवाखान्याची वेळ घ्या. बाकी दिवस ‘घेतलात का, घेतलात का’ म्हणून मागे लागू नका. पंप टूथब्रशच्या पेल्यात उभा ठेवा, दिसेल तिथे.

तिथल्या घरात ओल असते, रेडिएटरवर कपडे वाळत घालून ती आणखी वाढते. भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी दिसली तर घरमालकाला लेखी कळवा. स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्यांना फ्लूची लस तिकडे मोफत मिळते. प्रवासाच्या दोन आठवडे आधी टोचून घ्या. इंग्लंडमध्ये दम्याच्या औषधांना फी माफ नाही, तेव्हा दर महिन्याला दोन-तीन औषधं लागत असतील तर औषधांची वर्षाची फी एकदाच भरून मिळणारं आगाऊ प्रमाणपत्र स्वस्त पडतं.

आता दिवाळी. 2017 पासून आपलं इंदूर स्वच्छतेत सलग अनेक वर्षं देशात पहिलं आलंय, मला त्याचा अभिमान आहे. पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत जो धूर साचतो तो सगळ्यांच्याच छातीत जातो. त्या संध्याकाळी पूजा झाली की ह्यांनी आत, खिडक्या लावून. पणत्या लावायला गच्चीवर जायचं ते दिवेलागणीलाच. पाडव्याला सकाळचं फिरणं नको. वाटलं तर सगळे मिळून महेश्वरला निघा, 90 किलोमीटर, घाटावर मोकळी हवा. पूजेत उदबत्ती एकच, धूप-लोभान अंगणात. सराफ्यात, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, जायचंच, पण तव्याच्या धुरात उभं न राहता प्लेट घेऊन बाजूला या. मिरचीच्या फोडणीच्या वेळी त्यांना दुकानात पाठवा. पाहुण्यांसाठी माळ्यावरच्या गाद्या-गोधड्या काढतील, त्या आधी कडक उन्हात घालायला सांगा आणि झटकायचं काम ह्यांना देऊ नका. डोकं दुखलं की घरात कोणीतरी आयब्युप्रोफेनची गोळी पुढे करतं. काही दमेकऱ्यांना तिने अटॅक येतो, म्हणून डॉक्टरांना न विचारता ती नको.

विमानात दोन्ही पंप हातातल्या बॅगेत, एक जास्तीचा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. इथे आल्यावर पंप गाडीत, उन्हात ठेवू नका. आणि डॉक्टरांकडून लेखी योजना घ्या, त्रास वाढला तर कोणता पंप किती वेळा. एक प्रत घरच्या फ्रिजवर चिकटवा. वाक्य पुरं बोलता येईना, ओठ निळसर दिसले, पंपाने आराम पडेना किंवा पडला तरी चार तास टिकेना, तर वाट बघायची नाही. त्यांना ताठ बसवा, आडवं करू नका, आणि इथे 108, तिथे 999.

सासूबाईंना फोन झाला की त्यांना एक काम सांगा, करतील त्या हौसेने. घराला रंग द्यायचा असेल तर दसऱ्याच्या आत उरकून घ्या म्हणावं, म्हणजे तुम्ही याल तोवर वास गेलेला असेल.