स्पीड पोस्टाने पाठवलेली गणेशमूर्ती तुटून पोचली, भरपाई मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बंगळुरूला बहिणीकडे शाडूची नऊ इंची मूर्ती स्पीड पोस्टाने पाठवली आणि ती सोंड व उजवा हात तुटून पोचली. मूर्ती 3200 रुपयांची, पोस्टाचा खर्च 260 रुपये, विमा काढलेला नाही आणि पोस्टात "आमची जबाबदारी नाही" एवढंच सांगताहेत. मी पेणला गणपतीच्या एका कारखान्यात पॅकिंग आणि रवानगी बघते. अशा तक्रारी दर सीझनला येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

भरपाई मिळते, पण मूर्तीची किंमत मिळणार नाही. विमा नसलेल्या स्पीड पोस्टासाठी डाकखात्याचं सूत्र ठरलेलं आहे. पार्सल हरवलं, आतला माल गायब झाला किंवा मोडला, तर भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यातली जी रक्कम कमी असेल ती. तुमच्या बाबतीत 520 रुपये. रक्कम छोटी आहे, पण "जबाबदारी नाही" हे उत्तर चुकीचं आहे आणि ते ऐकून परत फिरू नका. हक्काचे आहेत ते मागाच.

यापेक्षा जास्त का नाही, तर कायदाच तसा आहे. 1898 च्या जुन्या कायद्याच्या कलम 6 नेही पोस्टाला संरक्षण होतं आणि 18 जून 2024 पासून लागू झालेल्या नव्या पोस्ट ऑफिस कायद्यात, म्हणजे 2023 च्या कायद्यात, कलम 10 मध्ये तेच आहे. नियमात जेवढी जबाबदारी लिहिलीय तेवढीच. कर्मचारी व्यक्तिशः जबाबदार धरायचा तर त्याने लबाडी केली किंवा मुद्दाम नुकसान केलं हे दाखवावं लागतं. त्यामुळे 3200 साठी पोस्टाला ग्राहक आयोगात खेचा, असा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. त्यात वर्ष जाईल आणि कलम 10 आडवं येईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ताईंना आजच फोन करून सांगा की मूर्ती विसर्जित करू नका. भंगलेली मूर्ती घरात ठेवायला मन धजत नाही, बहुतेक जण लगेच पाण्यात सोडतात, आणि तिथेच पुरावा संपतो. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत तुकडे कापडात गुंडाळून बाजूला ठेवा. खोका, चिकटपट्टी, आतला कागद, काहीही टाकू नका. खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो काढा, लेबलावरचा बारकोड आणि वजन वाचता येईल असे. तुटलेल्या जागेचा फोटो अगदी जवळून हवा. शाडू ताजा तुटला की आतली माती कोरी, खरखरीत दिसते आणि रंगाची कड धारदार असते. भेगेच्या आत रंग शिरलेला असेल तर ती भेग रंगवण्याआधीचीच. म्हणजे दोष पोस्टाचा नाही, कारागिराचा. मग भरपाई त्याच्याकडे मागायची.

तक्रार पार्सल पाठवणाऱ्याने करायची, म्हणजे तुम्ही. मूळ पावती जपा, अर्जासोबत झेरॉक्स द्या. डाकखात्याच्या संकेतस्थळावर किंवा 1800 266 6868 वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, शिवाय जिथे बुकिंग केलं तिथे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. दाद लागली नाही तर केंद्र सरकारचं सीपीग्राम्स पोर्टल आहे. पॅकिंग कच्चं होतं असं सांगून दावा नाकारतात, म्हणून आत काय काय भरलं होतं ते अर्जात नीट लिहा.

खाजगी कुरियरचं गणित वेगळं असतं. पावतीच्या मागे बारीक अक्षरात "जबाबदारी अमुक रुपयांपुरती" असं छापलेलं असतं. 1996 साली भारती निटिंग कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सही केलेली अशी अट ग्राहकावर बंधनकारक धरली. पण जिथे सही नव्हती किंवा अट ग्राहकाला दाखवलीच नव्हती, तिथे आयोगांनी ग्राहकाच्या बाजूनेही निकाल दिलेत. हैदराबादच्या आमच्या एका गिऱ्हाईक काकूंनी दबलेला खोका ताब्यात घेताना कुरियरवाल्याच्या कागदावर सहीच्या वर लिहिलं, "कोपरा चेपलेला, आत खडखड आवाज." त्या एका ओळीमुळे कंपनीला "आमच्याकडून नीट पोचलं" म्हणता आलं नाही आणि आम्ही नोटीस धाडल्यावर मूर्तीचे पैसे आले. मालवाहतूकदार असेल तर 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्याप्रमाणे बुकिंगपासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यावीच लागते. ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत आहे, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील लागत नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज होतो. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, कित्येकदा तिथेच मिटतं.

पुढच्या वर्षी पोस्टानेच पाठवायची असेल तर काउंटरवर पहिलं वाक्य "विमा हवा" हे असू द्या. पार्सल बुक झाल्यावर तो जोडता येत नाही. किंमत बिलाइतकीच सांगा, कारण जास्त सांगितलीत तरी प्रत्यक्ष नुकसानाच्या वर पैसे मिळत नाहीत. पॅकिंग करताना सोंड आणि पोट यांच्यामधली पोकळी आधी मऊ कागदाने भरा, मग कान, मग मोदकाचा हात. खोक्यात खोका ठेवा आणि मधल्या जागेत पेंढा किंवा थर्माकोल ठासून भरा. बंद केल्यावर कानाशी धरून हलवा. जरासाही आवाज आला तर उघडून पुन्हा भरा.