बेतणे : मापाचा ब्लाउज आणि आयर्न मॅनची छाती

इंदूरच्या एका वाचकांनी विचारले आहे : "आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात कॉमिकमधले सुपरहीरो चित्रपटात कसे आणले जातात यावर लेख आहे. मथळा ठरतो आहे 'त्रस्त सुपरहीरोचे रूपांतरण' आणि पोटमथळा 'आयर्न मॅनचे कॉमिक पडद्यावर बेतताना'. हे शब्द बरोबर आहेत का? 'कॉमिकवर आधारित' आणि 'कॉमिकवर बेतलेला' यांत काही फरक आहे का?"

'रूपांतरण' आधी काढून टाका. ते हिंदीतून आले आहे. हिंदी धर्मांतरण म्हणते, आपण धर्मांतर म्हणतो. हिंदीचे स्थानांतरण, आपले स्थलांतर. समासाच्या शेवटी आलेल्या 'अंतर'चा अर्थ 'दुसरा'. रूपांतर म्हणजे दुसरे रूप, भाषांतर म्हणजे दुसरी भाषा. त्याला आणखी 'ण' चिकटवण्याची गरज मराठीला फारशी भासली नाही. एककांचे किंवा चलनाचे रूपांतरण कोणी लिहिले तर एक वेळ सोडून देता येईल, पण कलाकृतीच्या बाबतीत मुळीच नाही. शिवाय आपल्या रंगभूमीवर 'रूपांतर' या शब्दाला नेमका अर्थ आहे. देवलांनी १८९० साली ऑथेल्लोचा झुंझारराव केला तेव्हा माणसांची नावे आणि त्यांचे वातावरणही आपलेसे करून घेतले. आयर्न मॅनच्या चित्रपटात टोनी स्टार्क अमेरिकन होता तो अमेरिकनच राहिला. त्याला रूपांतर म्हटले तर चूक नाही, पण शब्द अंगाला सैल होतो.

खरी खटकणारी गोष्ट पोटमथळ्यात आहे. 'कॉमिक पडद्यावर बेतले', 'कादंबरी पडद्यावर बेतली' हे हल्ली सारखे कानावर येते, परीक्षणांतही छापले जाते. बेतणे हे शिंप्याचे क्रियापद आहे आणि त्याच्या आधी येणाऱ्या 'वर'ला ठरलेले काम आहे. नवा ब्लाउज शिवायला टाकताना बायका सोबत मापाचा ब्लाउज देतात आणि सांगतात, "या जुन्यावर बेता." म्हणजे 'वर' ज्याला लागतो ते माप, आणि बेतले जाते ते नवे कापड. 'कॉमिकवर बेतलेला चित्रपट' म्हटले की कॉमिक हे माप झाले आणि चित्रपट हे कापड. हे अगदी बरोबर. 'कॉमिक पडद्यावर बेतले' म्हटले की पडदा माप होतो आणि कॉमिकवर कात्री चालते. अर्थ पार उलटतो. तुम्हाला पडदाच हवा असेल तर 'पडद्यासाठी बेतले' म्हणा, किंवा सरळ 'पडद्यावर आणले'.

'आधारित'बद्दल फार बोलण्यासारखे नाही. आधार म्हणजे टेकू. कराराच्या कागदात तो शब्द ठीक आहे. कथा कुठून घेतली एवढे तो सांगतो, तिचे पुढे काय केले याबद्दल त्यात काहीच येत नाही. ते 'बेतलेला' सांगतो.

कसे सांगतो ते पाहायचे तर शिंप्याच्या फळीजवळ उभे राहावे लागेल. सुती कापड आधी पाण्यातून काढून वाळवतात, कारण ते आटते. मग उभा धागा कुठला, आडवा कुठला, ते बघतात. ३६ इंच छातीचा ब्लाउज असेल तर पाठीचे कापड दुपदरी घडी घालून घडीपासून ९ इंचांवर, म्हणजे छातीच्या चौथ्या हिश्श्यावर, खडूची खूण करतात आणि तिच्यापुढे दीड इंच माया सोडतात. मुंढ्याचे माप वळणावरून घेतात, सरळ पट्टीने घेतले तर बाही काखेत रुतते. मापाचा ब्लाउज पूर्वी उसवून सैल केलेला असेल तर शिवण आतून तपासावी लागते. आणि सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे : ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या ब्लाउजवर महेश्वरीचा ब्लाउज तंतोतंत बेतला तर तो अंगात जात नाही. माप बरोबर असते, पण नवे कापड ताणले जात नाही. त्याला सैलपणा वेगळा द्यावा लागतो.

(जाता जाता : शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडाला आपण 'माया' म्हणतो. संस्कृत 'माया' हा शब्द 'मा' म्हणजे मोजणे या धातूशी जोडतात. वेदान्ताच्या मायेपेक्षा मोजमापाच्या अर्थाशी इमानी राहिली ती शिंप्याची माया, आणि हे मला फार आवडते.)

आता आयर्न मॅन. १९६३ च्या मार्चमध्ये 'टेल्स ऑफ सस्पेन्स'च्या ३९ व्या अंकात तो पहिल्यांदा आला. शस्त्रे बनवणारा श्रीमंत टोनी स्टार्क व्हिएतनाममध्ये जखमी होऊन पकडला जातो. धातूचा तुकडा हृदयाकडे सरकतो आहे, म्हणून छातीवर एक पत्रा बसवावा लागतो. तो पत्रा विजेवर चालतो. वीज भरून घेतली नाही तर हृदय थांबेल. २००८ च्या चित्रपटात व्हिएतनामचे अफगाणिस्तान झाले, ट्रान्झिस्टरच्या जागी अणुभट्टीसारखी छोटी चकती आली, सोबतचा शास्त्रज्ञ यिन्सेन तोच राहिला. गुहेतला तो प्रसंग नीट बघा : सुरुवातीला छातीतले चुंबक मोटारीच्या बॅटरीला जोडलेले आहे. मग स्टार्क स्वतःच्याच कंपनीच्या क्षेपणास्त्रातून पॅलेडियम काढतो. एकातून निघते ०.१५ ग्रॅम आणि लागते किमान १.६ ग्रॅम. म्हणून आणखी अकरा फोडायला सांगतो. ज्या मालावर तो श्रीमंत झाला त्याच मालाच्या भुकटीवर त्याचे हृदय चालणार आहे. कापड सगळे नवे आहे. माप मात्र इंचभरही हललेले नाही : जखमी छाती, आणि तिला जिवंत ठेवणारे यंत्र. हे बेतणे.

माप आणि कापड यांची गल्लत झाली की काय होते त्याचे उदाहरण हल्क. १९६२ च्या पहिल्या अंकात तो करडा होता. छपाईत करडा रंग पानोपानी एकसारखा येईना, म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा झाला. म्हणजे ज्या रंगासाठी लोक हट्ट धरतात तो रंगसुद्धा कापडाचा आहे. माप आहे ते रागाचे. २००३ च्या चित्रपटात दिग्दर्शकाने पडद्याचे चौकटींत तुकडे केले, कॉमिकच्या पानासारखे. कष्ट पुष्कळ घेतले, पण चौकट ही कॉमिकची शिवण आहे. मापाच्या ब्लाउजवरून माप घ्यायचे, त्याचे टाके नव्यावर गिरवायचे नाहीत. कॉमिक वाचणारा एका चौकटीवर हवा तेवढा वेळ थांबतो, मागचे पान उलटून बघतो. कॉमिकमधला वेळ ताणला जातो. चित्रपटातला ताणला जात नाही, तिथे पटकथेचे एक पान साधारण एका मिनिटात सरून जाते. म्हणूनच वरचे महेश्वरीचे उदाहरण दिले.

उलट आयर्न मॅनमध्ये अडचण ओळखून कापड वळवले आहे. कॉमिकमध्ये मुखवट्याच्या वर ढगाकार फुगा काढून मनातले विचार लिहिता येतात. पडद्यावर लोखंडी चेहरा म्हणजे नुसता पत्रा, त्यावर भीती दिसणार कशी? मग कॅमेरा शिरस्त्राणाच्या आत नेला, अंधारात फक्त नटाचा चेहरा आणि त्याच्यावर हलणारे प्रकाशाचे आकडे. माणूस आत गुदमरला तर आपल्याला लगेच कळते. गळा वेगळा कापला आणि ब्लाउज अंगाला बसला.

आता ज्यासाठी हे सगळे लिहिले त्याकडे येतो. जेवणाचा बेत, सहलीचा बेत हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडून देऊ. 'बेत'चा मूळ अर्थ योजना असे धरून चालणारे लोक एका गोष्टीचे उत्तर देत नाहीत : 'बेताची परिस्थिती', 'बेताने खा', 'बेतास बात' यांत योजना कुठे आहे? तिथे आहे माप. पुरेल एवढेच कापड, तुकडाही शिल्लक नाही, ती बेताची परिस्थिती. इंदूरकरांना तर पुरावा शोधायला लांब जायला नको. हिंदीत 'ब्योंत' म्हणजे कपड्याची कापणी आणि 'ब्योंत' म्हणजेच जुगाड, तजवीज. 'कतर-ब्योंत' तुमच्या कापड बाजारात आजही ऐकू येईल, कापडासाठी आणि घरखर्चासाठीही. ब्योंत आणि बेत ही भावंडे असावीत असे मला वाटते, खात्रीने सांगता येत नाही. तसे असेल तर दोन्ही भाषांत कात्री आधी आली असावी, मनातली योजना नंतर.

आणि याच क्रियापदाचा तिसरा संसार म्हणजे 'जिवावर बेतणे'. संकट जिवावर बेतते म्हणजे काय होते? मापाचा ब्लाउज आठवा. 'वर' ज्याला लागतो ते माप. माझ्या मते संकट जिवाच्या मापाने बेतले जाते, जिवाएवढेच, कमी नाही की जास्त नाही. किरकोळ नुकसान हे बोटाएवढे कापड. हे कापड अख्ख्या जिवाएवढे आहे.

यावर हिंदीतून शिकलेले बरेच जाणकार ठामपणे सांगतात की हे बेतणे म्हणजे हिंदीचे 'बीतना', 'मुझ पर जो बीती', 'आपबीती'मधले. ही व्युत्पत्ति कानाला लागलीच पटते आणि म्हणूनच ती तपासून बघायला हवी. 'बीतना' म्हणजे घडून जाणे, सरणे. आपबीती सांगणाऱ्यावर जे यायचे ते येऊन गेलेले असते. आपण मात्र म्हणतो, "जिवावर बेतलं होतं, पण वाचला." बेतले, तरी घडले नाही! हिंदीत 'बीती' आणि तरी काही झाले नाही, असे सहसा म्हणत नाहीत. मराठीतली ही फट शिंपी चांगली समजावतो : खडूची खूण झाली, माप जिवाचेच पडले, पण कात्री अजून चालायची आहे. म्हणूनच 'जिवावरचे शेपटावर निभावले' असेही आपण म्हणू शकतो. बेतले एका मापाने, कापले गेले दुसऱ्या मापाने. शिवाय 'बी'चा 'बे' का झाला, हेही त्या मंडळींनी सांगावे. कोणी मधला मार्ग काढतात की दोन क्रियापदे एकमेकांत मिसळली असतील. तेही शक्य आहे. अर्थाने माझा कल शिंप्याकडे आहे, पण अर्थ जुळला म्हणजे व्युत्पत्ति सिद्ध झाली असे नाही.

टोनी स्टार्कच्या बाबतीत तर दोन्ही अर्थ एकाच छातीवर येऊन बसतात. २०१० च्या दुसऱ्या चित्रपटात त्याला जगवणारे तेच पॅलेडियम रक्तात विष कालवते. छातीवर काळसर रेघा पसरतात, तो बोट टोचून विषाची टक्केवारी बघत राहतो. यंत्र त्याच्या जिवावर बेतले आहे, या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी.

इथेच मायेचाही प्रश्न येतो. १९७९ साली आयर्न मॅनच्या १२० ते १२८ या नऊ अंकांत त्याचे दारूचे व्यसन सविस्तर आले होते. दुसऱ्या चित्रपटात त्यातला एक प्रसंग उरला, वाढदिवसाला चिलखत घालून झिंगलेला स्टार्क. बाकीची जागा पॅलेडियमच्या विषाने घेतली. मला ही कापणी आखूड वाटते. विषावर उतारा शोधता येतो आणि चित्रपटात तो नवे मूलद्रव्य बनवून शोधतोही. व्यसनाला असा प्रयोगशाळेतला उतारा नाही, आणि त्या नऊ अंकांचे वजन त्यातच होते. इथे दीड इंच माया सोडायला हवी होती, पुढच्या चित्रपटात उसवून सैल करता आली असती.

मथळ्यातला 'त्रस्त' राहिलाच. संस्कृतात त्रस्त म्हणजे भ्यालेला, थरथरणारा. मराठीत बाहेरून होणाऱ्या उपद्रवाने कावलेला, डासांनी त्रस्त, राजवाड्याजवळच्या गर्दीने त्रस्त. स्टार्कला छळणारी गोष्ट त्याच्या बरगड्यांच्या आत आहे, त्याला 'त्रस्त' म्हणू नका. 'ग्रासलेला' चालेल. 'पछाडलेला' तुमच्याकडे टाळा, कारण इंदुरात हिंदीच्या सवयीने त्याचा अर्थ 'पराभूत केलेला' असा घेतला जाईल आणि वाचकाला वाटेल की कोणी तरी आयर्न मॅनला कुस्तीत चीत केले. मथळा 'जिवावर बेतलेले चिलखत' असा करा आणि खाली बारीक अक्षरांत 'कॉमिकवर बेतलेल्या चित्रपटांविषयी' असे घाला. 'वर' दोन्ही ठिकाणी मापालाच लागला आहे ना, एवढे छापण्याआधी एकदा बघून घ्या.